पांढऱ्यावर पांढरं

मराठीच्या पेपरात अर्धविराम विसरला तर फार तर अर्धा मार्क जातो. कोडमध्ये विसरला तर अख्खं पान रुसून बसतं. हे मी माझं मी शिकले, कुणाच्या बापाला न विचारता! माझ्या ब्लॉगची शीर्षकं जांभळी केली, चौकटींचे कोपरे गोल केले, आणि खाली 'तुमची प्रतिक्रिया लिहा' असं बटण आहे ना, त्यावर माउस नेला की ते लाजून गुलाबी होतं. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "अगं, हे तू केलंस?" मी म्हणाले, "नाही, आमच्या मांजरीने."

मग मला सगळ्यात भारी युक्ती सुचली. अक्षरांचा रंग पांढरा, मागचं पानही पांढरं. लिहिलेलं तिथेच राहतं, पण दिसत नाही.

आणि लपवण्यासारखं माझ्याकडे होतंच. शुक्रवारी स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत बाबा आईला सांगत होते, "पुढच्या महिन्यात ताईला त्या संस्थेत ठेवू. तिला इतक्यात सांगू नकोस." ताई म्हणजे माझी आत्या. तिची नजर गेल्यापासून ती आमच्याकडे असते, माझ्याच खोलीत. सांगणार कुणाला? मी 'आमच्या घरातले आवाज' या लेखाच्या तळाशी ते जसंच्या तसं लिहिलं, पांढऱ्यावर पांढरं केलं, तेव्हा कुठे जरा हलकं वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. आत्याने फोन टेबलावर ठेवला.

"शांत बसा रे. आमच्या लेखिकाबाईंचा नवा लेख आलाय. माझा पोपट वाचणार आहे."

पोपट म्हणजे तिचा फोन. पानावर जे असेल ते तो बोलून दाखवतो, तेही इतक्या सुसाट की आत्याखेरीज कुणाला ओ की ठो कळत नाही.

माझा घास तोंडातच राहिला. पोपटाला रंग कुठे दिसतात! त्याला फक्त अक्षरं कळतात.

"आत्या, नंतर ऐक ना. जेवण गार होतंय."

"होऊ दे. भाची काय रोज रोज लिहिते?"

पोपट सुटला. तरतरतरतर! आत्या गालात हसत होती. तिच्या काठीच्या टकटकीचा भाग आला असणार. मग हसू थांबलं. तिचं बोट पडद्यावर एकदा मागे गेलं. शेवटची तेवढीच तरतर पुन्हा झाली. तिने चमचा ताटाच्या कडेला नीट टेकवला.

कळलं? की नाही कळलं?

"काय बडबडतंय ते?" बाबा हसले. "आम्हा गरिबांना कळेल असं हळू लाव की, ताई."

"लावते हं," आत्या म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा.

मी पाण्याचा पेला मुद्दाम लवंडला. "धांदरट कुठली!" म्हणत आईने फडका आणला. पण आत्याने फोन केव्हाच उचलून छातीशी धरला होता. टेबल पुसून झालं, फोन खाली आला, लेख पुन्हा पहिल्यापासून. आता संथ, एकेक शब्द सुटा. दाराची करकर. बाबांची तोफेसारखी शिंक.

"तोफ म्हणे! बघ, काय लिहिलंय कार्टीने," बाबा खूश.

काठीची टकटक आली. आता उरलं होतं फक्त तेच.

"बाबा आईला म्हणाले, पुढच्या महिन्यात ताईला त्या संस्थेत ठेवू. तिला इतक्यात सांगू नकोस."

आईच्या हातातला ओला फडका टपटप गळत राहिला. बाबा माझ्याकडे वळले. असे बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"अगं, हे तू..."

"पोरीवर ओरडू नकोस, बाळ्या," आत्या म्हणाली. "मला पहिल्याच दमात कळलं होतं. हळू लावलं ते तुझ्यासाठी."

पोपट मात्र थांबला नव्हता. लेखाखाली जे होतं, तेही त्याने इमानदारीत वाचलं:

"तुमची प्रतिक्रिया लिहा. बटण."

आत्याने फोन पालथा घातला.

"लिहू नकोस," ती बाबांना म्हणाली. "बोल."