बिनकानाचा कप

कप तिसऱ्यांदा पडला. फुटला नाही, एवढीच मेहेरबानी. भिंतीला उभ्या टेकवलेल्या प्लायच्या फळीवरून सुटला आणि खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर उपडा होऊन बसला.

"तुझ्या कलेला गुरुत्वाकर्षण नडतंय," श्रीधर शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले.

"गोंदाच्या दोन्ही ट्यूबा नीट कालवून लावल्या होत्या. चोवीस तास हात लावला नाही."

"मग त्यालाच तिथे बसायचं नसेल."

ते चेष्टेने बोलले, पण मला ते खरं वाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायले.

एका सकाळच्या शाळेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं दाखले लिहिले. निवृत्त झाल्यावर हा उद्योग लागला. दर रविवारी जुन्या बाजारात जायचं, फुटक्या बश्या, काटे नसलेली घड्याळं, कुठल्या कुठल्या किल्ल्या पिशवीभर आणायच्या आणि फळीवर चिकटवून त्यांचं काहीतरी मांडायचं. फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आता फुटकंच जास्त आहे. "आपलं भंगार कमी पडलं म्हणून लोकांचं आणतेस," असं श्रीधर म्हणतात, आणि पिशवी मात्र तेच उचलतात.

ही फळी सगळ्यांत मोठी होती. शनिवारी आम्हा आठ जणींचं प्रदर्शन होतं, त्यासाठी केलेली. निळ्या नक्षीच्या बश्यांचे तुकडे कडेने गोल लावले होते. मधल्या रिकाम्या जागेत हा कप बसणार होता, आणि फळीचं नाव ठरलं होतं, विमलाबाई.

विमलाबाई आमच्याकडे बावीस वर्षं भांडी घासायला यायच्या. दुपारी चारला यायच्या, आणि आल्या की मी त्यांना चहा द्यायची. त्यांचा कप वेगळा होता. आमच्या सहा कपांतल्या एकाचा कान तुटला, तेव्हा सासूबाईंनी तो मागच्या बाल्कनीच्या कट्ट्यावर ठेवून दिला, विमलाबाईंसाठी. पुढे सासूबाई गेल्या. त्यालाही सतरा वर्षं झाली. कप तिथेच राहिला. राहिला कसला, मीच ठेवला. चांगल्या कपात चहा द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं.

काम त्यांनी आधीच सोडलं होतं. त्या गेल्या वर्षी वारल्या. मला महिन्याने कळलं. तेव्हापासून रोज चारच्या सुमारास मागच्या बाल्कनीत कपाचा आवाज येतो. दगडावर चिनी माती टेकवल्यासारखा, एकदाच. श्रीधर म्हणतात, शेजाऱ्यांकडचा असेल. शेजारचं घर दोन वर्षं बंद आहे. मी पहिल्यांदा उठून पाहिलं होतं. नंतर पाहिलं नाही. चार वाजायला आले की मी रेडिओ मोठा करते.

कप फळीच्या मधोमध मानाने बसला की आवाज थांबेल, असं मला वाटत होतं. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

"बुडाची चकाकी पॉलिश पेपरने घासून काढ," श्रीधर म्हणाले. "गुळगुळीत काही चिकटत नाही."

घासली. चौथ्यांदा कप बसला, पक्का बसला. मग मी विमलाबाईंच्या मुलीला फोन केला. नम्रता विश्रांतवाडीला राहते, दवाखान्यात नर्स आहे. तिच्या आईचं नाव लावायचं तर विचारायला हवं होतं. आणि तिने हो म्हणावं, ही माझी गरज होती, तिची नव्हे.

"आधी बघते, मग सांगते," ती म्हणाली.

गुरुवारी ड्यूटी संपवून ती स्कूटरवरून आली. नेमके चार वाजत आले होते. मी कपाटातले कानवाले कप काढले, चहा टाकला. ती फळीसमोर उभी होती.

"काकू, हा आईचा कप ना?"

"हो. मुद्दाम मधोमध लावलाय. बाकी सगळे तुकडे, तो एकटा आख्खा." मग मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. "वेगळा कप ठेवला, ते चुकलं माझं. तुझ्या आईला कधी म्हणता आलं नाही. तेवढंच म्हणायचं होतं, म्हणून हे केलं."

नम्रताने बोटाने कपाची कड चाचपून पाहिली, पेशंटची नाडी बघावी तशी.

"आई यातून कधी चहा प्यायलीच नाही," ती म्हणाली.

"असं कसं? बावीस वर्षं रोज देत होते मी."

"तुम्ही द्यायचात. ती मोरीत ओतायची. सुट्टीत मी यायचे ना तिच्याबरोबर, मला पण ओठ लावू द्यायची नाही. नळ सोडून ओतायची, म्हणजे आतमध्ये कळायला नको. मग कप घासून कट्ट्यावर पालथा घालायची."

"पण त्या म्हणायच्या मला, 'वैनी, च्या ग्वाड झालाय.'"

"म्हणायची. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

कट्ट्यावर कप पालथा घातल्याचा तो आवाज. मी तो वर्षभर ऐकत होते आणि समजत होते, बाई चहा पिऊन कप खाली ठेवतायत. रोजचा तो चहा आठवून मी स्वतःला थोडं माफ करत आले होते. आता तेही गेलं. मी खुर्चीवर बसले.

"फळी छान झालीय," नम्रता म्हणाली. "लावा प्रदर्शनात. आईचं नाव तेवढं नको. तिचा काय संबंध या कपाशी?"

तिने उभ्याउभ्याच चहा घेतला, सगळा घेतला, आणि कप माझ्या हातात दिला. "येते काकू. गुडघ्यांना जपा." तिच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला. रेडिओ बंद होता. बाल्कनीत काहीच वाजलं नाही. पण सुटल्यासारखंही वाटलं नाही.

यादी छापायची म्हणून नावं त्याच संध्याकाळी पाठवायची होती. श्रीधर मोबाईलवर एका बोटाने भरत बसले.

"कलाकृतीचं नाव काय टाकू? विमलाबाई नाही ना आता?"

"नाही."

"मग?"

"श्यामला टाका."

"अगं, ते खालच्या रकान्यात. कलाकाराचं नाव. वर काय?"

"वरही तेच."

श्रीधरांनी चष्मा काढला, फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काहीतरी खोचक सुचलं असणार, ते नेहमीच सुचतं. पण त्यांनी चष्मा परत लावला आणि एकेक अक्षर शोधत वरच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.