पूर्वजांचा राग चौथ्या भोकात

युए-श्याचा मुलगा यू-चेंग चाळिशी ओलांडून गेला, तरी नाक पुसायलासुद्धा गुरू ग्वोंची परवानगी घेई. आता तर त्याने बायकोला सोडायचीही परवानगी मिळवली होती.

तैवानच्या ताइनान शहरातल्या त्यांच्या सोया सॉसच्या दुकानात त्या सकाळी अर्धी गल्ली लोटली. नवलच तसं होतं. व्हिएतनामहून आलेली सून ताओ उदबत्ती घेऊन पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपाशी गेली, की तिथले विजेचे तांबडे दिवे विझत. दुसरं कुणी गेलं तर तेवत राहत.

"पूर्वज डोळे मिटून घेतात," ग्वो घोगऱ्या आवाजात म्हणाले. "परकं रक्त सोसत नाही त्यांना. हिला आजच माहेरी धाडा."

"आमचे सासरे बाई बघून डोळे मिटणाऱ्यातले नव्हते," युए-श्या म्हणाली. शेजारणींनी तोंडावर हात धरले.

ती शाळेत जेमतेम गेली होती, पण डोळे शाबूत होते. दिवे आणि गल्ल्यावरचा फोन इंटरनेटच्या ज्या डब्यातून वीज घेत, तो ग्वोंच्या चेल्यानेच बसवला होता. दिवे विझले की डब्याच्या चौथ्या भोकावरचा हिरवा ठिपकाही विझे. पूर्वज सुनेवर रागावले असतील, पण भोकाने त्यांचं काय घोडं मारलं होतं? म्हणून लोक जमायच्या आधीच तिने दिव्यांची वायर पाचव्या भोकात आणि फोनची चौथ्यात खुपसली होती.

"जा गं ताओ. लाव उदबत्ती."

ताओ उदबत्ती घेऊन पुढे झाली. गर्दीत चेल्याचा अंगठा मोबाइलवर फिरला. दिवे तेवत राहिले. गल्ल्यावरच्या फोनचा पडदा मात्र काळाठिक्कर पडला.

"अगंबाई, पूर्वजांचं आता फोनशी बिनसलं," म्हणत युए-श्याने चेल्याच्या हातून मोबाइल हिसकावला आणि सुनेला दिला. "वाच मोठ्याने."

"डब्याचं चित्र आहे, आई. प्रत्येक भोकापुढे बटण. चौथ्यापुढे लिहिलंय, वीज बंद."

"या जातीच्या डब्यात लांबून कुठल्याही भोकाची वीज तोडता येते, पुन्हा देता येते," युए-श्या गल्लीला म्हणाली. "डबा गुणाचा आहे. अंगठा हरामखोर."

ग्वोंना एकाएकी दुसऱ्या देवळातलं काम आठवलं. त्यांना वाट द्यायला कुणी हललं नाही, तेव्हा ते सॉसच्या बाटल्यांमधून अंग चोरत निसटले.

"आई, मला वाटलं..." यू-चेंग पुटपुटला.

"तू डोकं चालवलंसच कधी? दिवा विझला तर माणूस वायर बघतो. तू बायकोचं रक्त बघत बसलास. ताओ या घरात राहणार. तू राहायचंस की नाही, ते तिला विचार."