दाजींचा रविवारचा वर्ग

सुज्ञ वाचकहो, अध्यापन, गुंतवणूक आणि मानवी आयुष्यातील मोलाचे क्षण या तिन्ही विषयांना स्पर्श करणारी एक सत्य हकिकत मी माझ्या अल्पमतीने येथे सादर करीत आहे. माझा व्यवसाय केशकर्तनाचा असून शाळा सातवीतच सुटली. तथापि मला एक थोर शिक्षक लाभले. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान होते.

निवृत्तीनंतर दाजी शाळेच्या रिकाम्या खोलीत दर रविवारी गुंतवणुकीचा वर्ग विनामूल्य घेत. फळ्यावर आलेख काढून सांगत, "भाव पडला म्हणजे कंपनी पडली नव्हे. घाबरून विकतो, त्याचं घर बसतं." त्यांच्या पाठोपाठ मी, गावचा पोस्टमन, वर्गातल्या आम्ही सर्वांनी एकाच पंपांच्या कंपनीचे शेअर घेतले. पुढे भाव निम्म्याखाली गेला आणि त्याच सुमारास दाजींच्या हृदयाची झडप निकामी झाली. शस्त्रक्रियेसाठी लागणारा पैसा त्या शेअरांतच अडकला होता, आणि दाजी काही केल्या विकेनात.

रुग्णालयाच्या जिन्यात ताईने माझी बाही धरली. "बापू, काहीही कर, पण त्यांना विकायला लाव. फक्त वर्गातल्यांचं काही बोलू नकोस. तेवढ्यानंच जातील ते."

मी दाढीचे साहित्य घेऊन खाटेपाशी बसलो. गाल इतके आत गेले होते की कातडी बोटांनी ताणून वस्तरा चालवावा लागला.

"ताईनं वकील पाठवलाय वाटतं," दाजी फेसातून म्हणाले.

"विकून टाका ना, दाजी."

"अरे, माझ्या भरवशावर माणसं थांबलीत. मास्तरच आधी पळाला तर पोरांनी काय करायचं?"

मी वस्तरा पुसून बाजूला ठेवला. तो हातात असताना असे बोलू नये, एवढे भान मला होते.

"पोरं कधीच पळालीत, दाजी. सगळ्यांनी विकले. माझ्याच खुर्चीत बसून एकेकानं सांगितलं. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून भेटायला येत नाहीत."

"पोस्टमननंसुद्धा?"

"सगळ्यात आधी त्यानं."

दाजींनी मान माझ्याकडे वळवली. "आणि तू?"

"माझे आहेत अजून."

"गाढवा! दोन पोरींचा बाप तू. विकायचे नाहीत?"

त्यांनी उशाखालचा मोबाइल काढला, चष्मा मागितला आणि अर्ध्या दाढीनिशी स्वतःचे सगळे शेअर विकले. मग म्हणाले, "आता तुझा काढ." कुठे काय दाबायचे ते त्यांनी मला वर्गात सांगत तसेच सावकाश सांगितले. हा त्यांचा शेवटचा पाठ होता. त्यानंतर मी उरलेली दाढी केली.

शस्त्रक्रिया वेळेवर झाली. झडप उत्तम बसली, असे डॉक्टर म्हणाले. परंतु दाजींनी भिंतीकडे जे तोंड फिरवले, ते पुन्हा वळवले नाही. औषधालाही ते ओठ उघडेनात. महिना पुरा होण्याआधीच त्यांनी देह ठेवला.

ताई मला दोष देत नाही. "बापूमुळे निदान ऑपरेशन तरी झालं," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मात्र हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नाही.

आपण आपला मोलाचा वेळ खर्चून येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
बापू, केशकर्तनकार