बुरुजाखालचा माणूस

आमच्या गढीच्या बुरुजाखाली शेंदूर माखलेला एक दगड होता. बुरूज बांधताना सारखा ढासळायचा, म्हणून मूळपुरुष नत्थुजी पाटील स्वतःच पायाच्या खड्ड्यात जिवंत गाडून बसले, तेव्हा बुरूज उभा राहिला आणि गाव वसलं, असं सासरी सांगत. त्या दगडावर पाणी घातल्याशिवाय मी अन्नाला शिवत नसे. लग्नापासूनचं व्रत.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात धाकटे दीर खुशालराव अमरावतीहून आले. कॉलेजात शिकवायचे; घराण्याचा आणि गावाचा इतिहास लिहायचं मनावर घेतलेलं. घरच्यांचं ऐकून झालं, तसे ते बौद्धवाड्यात गेले. तिथली म्हातारी सुंदराबाई म्हणाली, "पाटील कायले बसते मातीत? आमचा श्रावण बसवला, जित्ता. वेसकर होता, गावची वेस राखे. आमच्या बाया त्या बुरजाच्या सावलीत अजूनबी पाय ठेवत नाही."

दुसऱ्या सकाळी मी तांब्या घेऊन गेले, तर दगड बाजूला. खुशालराव आणि सुंदराबाईचा नातू धर्मपाल पहारीनं पाया उकरत होते.

"वहिनी, खरं काय ते तरी समजू द्या."

"आमचा माणूस असंन तर आमाले द्या," धर्मपाल म्हणाला. "नसंन तर दगड मीच बसवून देतो."

मी तोंड उघडायच्या आत माझे मालक शेषराव आले. हातात बंडीची उभारी, बैलगाडीचा जाड दांडा.

"पाटलाच्या बापाले उकरता काय बे?"

पहिला घाव सख्ख्या भावाच्या मनगटावर. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा धर्मपालच्या डोक्यात. तो खड्ड्यात कोसळला, कडेची माती ढासळली आणि आतून हाडं उघडी पडली. त्या हातातली काठी केव्हाच कुजून गेली होती. तिची टोकाची लोखंडी शेंबी आणि हिरवे पडलेले घुंगरू बोटांच्या हाडांशी राहिले होते.

घुंगुरकाठी. गावात ती वेसकराच्याच हाती असायची.

मालकांनीही पाहिलं. मग मागून आलेल्या गड्याला म्हणाले, "बुजव."

"मालक, पोरगा अंदर हाये. जित्ता हाये."

"बुजव म्हनलं न!"

गड्यानं फावडं उचललं. पहिली माती धर्मपालच्या पाठीवर पडली, तेव्हा मी तांब्या घेऊन खड्ड्यात उतरले.

"वर ये!" मालक ओरडले.

"मलेबी बुजवा."

उभारी माझ्या खांद्यावर बसली. हात लुळा पडला, तांब्या दुसऱ्या हातात होता. धर्मपालला कुशीवर वळवलं. तोंडात रक्त आणि माती. बोटानं ती काढली आणि दगडासाठी आणलेलं पाणी त्याच्या ओठांत सोडलं. त्यानं घोट गिळला. उभारी पुन्हा वर गेली. खुशालराव मोडक्या हातानिशी तिला लोंबकळले.

तोवर बौद्धवाडा धावत आला होता. एवढी माणसं पाहून मालकांचा हात खाली गेला.

काठावर सुंदराबाई ओणवी झाली. "दे, बाई."

खाली उतरलेल्या पोरांच्या मदतीनं मी आधी धर्मपालला वर दिलं. मग पदर पसरून श्रावणला वेचू लागले.