ट्रॅक्टरची पाटी

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत प्रशिक्षक वेड टिलमनच्या पोरांनी चोवीस खेळी केल्या आणि रोझॅन होलेचेकने आपल्या रकान्यात चोवीस आकडे लिहिले. सव्वीस, सत्तावीस, पंचवीस, पुन्हा सत्तावीस. एक खेळी संपली की दुसरी सुरू करायला संघाला चाळीस सेकंद मिळतात, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना ते चाळीस सेकंद उलटे मोजणारं घड्याळ असतं. चेंडू उचलला त्या क्षणी घड्याळात किती सेकंद उरले होते, एवढंच ती लिहायची. कॉलेजचा अधिकृत तक्ता तीच भरायची, पण त्यात या आकड्याला जागा नव्हती. तो फक्त तिच्या वडिलांना हवा असायचा. शनिवारी संध्याकाळी ती कागद घेऊन घरी जायची, ते चष्मा शोधायचे आणि सूप गार होईपर्यंत तो रकाना वाचत बसायचे. वडील ऑगस्टमध्ये गेले. आता ऑक्टोबर होता, आणि ती लिहितच होती.

"माझी जीभ दमली, पोरी," शेजारच्या खुर्चीतले नॉर्बर्ट माइक बंद करून म्हणाले. एकोणचाळीस वर्षं ते या काचेच्या खोलीत बसून खाली मैदानावर काय चाललंय ते लाउडस्पीकरवरून सांगत आले होते. "तुझ्या वडिलांच्या, लॅडच्या काळात दोन खेळींच्या मध्ये माझा एक कोलाचे पाव खाऊन व्हायचा. आता एका पोराचं नाव पुरं घेतो न घेतो तोच दुसरा आपटलेला असतो."

"मग खाऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डॉक्टर वेडच्या बाजूचा आहे. सगळं घाईघाईनं उरकतो."

ती हसली नाही. नॉर्बर्टनी तिच्या पर्सकडे पाहिलं. पर्समधून पांढऱ्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण गावात ते निम्म्या लोकांना ठाऊक होतं. सामना संपल्यावर क्रीडा विभागाच्या प्रमुख बाई तक्त्यावर सही करायला वर येणार होत्या, आणि रोझॅन त्यांच्या हातात ते पाकीट ठेवणार होती. आत दीड पानी तक्रार होती. वेड टिलमनने तिच्या वडिलांची वही चोरली, असं तिने त्यात सरळ लिहिलं होतं.

वही म्हणजे तीन कड्यांची तपकिरी फाइल. एकतीस वर्षं ग्रेस्टन कॉलेजचा संघ शिकवताना लॅड होलेचेकनी जे जे पाहिलं ते त्यात होतं, आणि तिचे चोवीस वर्षांचे रकानेही. त्यांचा खेळ गावाला पाठ होता. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, मग घाई कशाला? तीन यार्ड घ्या, चार घ्या. घड्याळात एक उरेपर्यंत थांबा आणि मगच चेंडू उचला. चेंडू आपल्याकडे असेल तोवर समोरचा नुसता प्रेक्षक, आणि बाकावर बसलेल्या पोरांचे पाय थंड पडतात. मक्याची पेरणी असते तसा खेळ, ओळीमागून ओळ. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरमधल्या एका सोमवारी, त्यांनी घरात कारण न सांगता राजीनामा दिला. जानेवारीत त्यांच्या जागी वेड बसला. वेड आधी त्यांचा खेळाडू होता, मग पंधरा वर्षं त्यांचा सहायक. होलेचेकांच्या स्वयंपाकघरात त्याची ठरलेली खुर्ची होती. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळं उलटं केलं. पोरांनी गोल उभं राहून पुढची खेळी ठरवायची नाही, श्वास घ्यायचा नाही, समोरच्यालाही घेऊ द्यायचा नाही. खेळीची नावं ओरडायला वेळ नसतो म्हणून बाजूच्या रेषेवर राखीव पोरं चित्रांच्या मोठ्या पाट्या उंच धरायची. कोंबडा, शिडी, बादली. कोंबडा म्हणजे काय ते फक्त संघाला माहीत.

त्या वेळी रोझॅनने गावच्या साप्ताहिकात पत्र लिहिलं होतं. घरात वाढवलेल्या माणसानं मालकालाच दाराबाहेर काढलं, असा त्याचा सूर होता. ती कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची, लिहिता तिला येत होतं, आणि पत्र गाजलं. वडील त्यावर काहीच बोलले नाहीत. कात्री घेऊन त्यांनी ते कापून ठेवलं, एवढं तिने पाहिलं होतं.

मध्यंतरात ती कॉफीला खाली उतरली. चर्चच्या बायकांच्या टेबलामागे बर्निस उभी होती, होलेचेकांची शेजारीण, हातात चिमटा आणि पुढ्यात खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचांचा ट्रे.

"दिलंस का पाकीट?"

"सामना संपल्यावर."

"मला साक्षीला बोलावलं तर मी येईन. पांढरी पिकअप, दर मंगळवारी, तू कामावर गेलीस की वीस मिनिटांत. खिडकीत बसून मी काय करते? पाहतेच."

"एकदा काखेत काहीतरी घेऊन गेला म्हणालात ना तुम्ही?"

"जुलैत. तपकिरी. पाय वाजू न देता पायऱ्या उतरला."

"पाय वाजू न देता?"

"आता लाकडी पायऱ्या आहेत, वाजल्या असतील थोड्या," बर्निस म्हणाली. "पण माणूस चोरासारखाच दिसत होता. कोलाचे घे एक. तोंड बघ केवढंसं झालंय."

रोझॅनने कोलाचे घेतला आणि खाल्ला नाही. जुलैमध्ये तपकिरी काहीतरी. ऑगस्टमध्ये वडील गेल्यावर तिने कपाट, पलंगाखालचे खोके, तळघर सगळं पाहिलं; फाइल नव्हती. सप्टेंबरमध्ये साप्ताहिकात वेडची मुलाखत आली, आणि त्यात त्याने म्हटलं होतं, चेंडू आपल्याकडे असेल तोवर समोरचा नुसता प्रेक्षक. चौदा सेकंदांत चेंडू उचलणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य. अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला होता. नंतर त्याने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. चोराशी काय बोलायचं?

तरी एक गोष्ट तिला खुपत होती. मंगळवारी संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा सिंकमध्ये दोन कप असायचे. वडील म्हणायचे, मीच दोनदा प्यायलो. त्यांच्या छातीत तेव्हा यंत्र बसवलेलं होतं आणि कॉफी एकदाच प्यायची परवानगी होती. तिने त्यांना त्याबद्दल रागावलंही होतं. ते खाली मान घालून ऐकायचे. चोराला कुणी कॉफी पाजतं का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता आणि उत्तरही देऊन टाकलं होतं: म्हातारा माणूस एकटा होता, आणि वेडने त्याचा फायदा घेतला.

उत्तरार्धात वेडच्या खेळाची उधारी फेडायची वेळ आली. त्याची पोरं दीड-दोन मिनिटांत गुण मिळवायची किंवा चेंडू घालवून बसायची, आणि लगेच बचावाच्या पोरांना पुन्हा मैदानात उतरावं लागायचं. ही पोरं आता गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. समोरचं ड्रेटन कॉलेज सावकाश येत होतं. एकतीस-दहाचं एकतीस-सतरा झालं, मग पंचवीस, मग अठ्ठावीस.

"लॅड इथे असता तर," नॉर्बर्ट म्हणाले.

"ते नाहीत इथे."

"मी फक्त म्हणतोय."

"माहीत आहे."

सहा मिनिटं पन्नास सेकंद उरले होते. चेंडू ग्रेस्टनकडे आला, स्वतःच्याच वीस यार्डांच्या रेषेवर. ऐंशी यार्ड पुढे मोकळे, मागे तीन गुणांची आघाडी. आणखी एक घाईची चूक झाली की ड्रेटनला सामना जिंकायला वेळच वेळ होता. पेन्सिल रकान्यावर टेकवून रोझॅन सव्वीसची वाट पाहू लागली.

पोरं जागेवर गेली नाहीत. ती गोल करून उभी राहिली, डोकी आत घालून. दोन वर्षांत पहिल्यांदा. विद्यार्थ्यांच्या बाजूने कुणीतरी हुर्यो उडवली.

मग बाजूच्या रेषेवर एक नवी पाटी वर गेली. ट्रॅक्टर.

तो बाकीच्या छापील चित्रांसारखा नव्हता. जाड काळ्या शाईने हाताने काढून मोठा केलेला होता, मागचं चाक फार मोठं, पुढचं फार लहान. धुराचं नळकांडं वाकडं. आणि धूर पुढे चालला होता.

शाळेत असताना रोझॅनच्या डब्याच्या कागदी पिशवीवर रोज हा ट्रॅक्टर असायचा. सात वर्षांची असताना तिने वडिलांना सांगितलं होतं, धूर मागे जातो, बाबा. ते म्हणाले होते, आपला ट्रॅक्टर इतका सावकाश चालतो की वारासुद्धा त्याच्या पुढे निघून जातो. तेव्हापासून पिशव्या संपेपर्यंत त्यांनी धूर पुढेच काढला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

फाइल चोरता येते. पण त्यांनी फाइलमध्ये कधी ट्रॅक्टर काढला नव्हता. तिने त्यातलं पान न् पान पाहिलं होतं.

खाली चेंडू उचलला गेला. चार यार्ड. पोरं सावकाश उठली, सावकाश गोल करून उभी राहिली. पुन्हा ट्रॅक्टर. तीन यार्ड. ड्रेटनचा प्रशिक्षक घड्याळाकडे बोट दाखवून पंचाशी हुज्जत घालू लागला. म्हाताऱ्यांच्या बाजूला माणसं एकेक करून उभी राहिली आणि टोप्या काढून हातात धरू लागली. पुन्हा चार. ड्रेटनने घड्याळ थांबवायचा उरलेला एकमेव विराम घेतला आणि तो संपला. नॉर्बर्टनी एका पोराचं पूर्ण नाव घेतलं, त्याच्या गावाचं नाव घेतलं, त्याच्या आजोबांनी एकोणीसशे एकाहत्तरमध्ये कुठल्या जागी खेळ केला होता तेही सांगितलं, माइक बंद केला आणि कोलाचे खाल्ला.

"तू रडतेयस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं. मीही नाही."

शेवटच्या खेळीला चेंडूवाल्या पोराने खेळी तिथेच संपवायला नुसता गुडघा टेकला आणि घड्याळ शून्यावर आलं. रोझॅनने कागदाकडे पाहिलं. शेवटच्या दहा खेळींच्या दहा चौकटी रिकाम्या होत्या. चोवीस वर्षांत तिची एकही चौकट सुटली नव्हती.

क्रीडा विभागाच्या बाई वर येण्याआधी ती पर्स आणि कागद घेऊन जिना उतरली.

वेड मैदानाच्या कडेला सामानाच्या पेटीशी उभा होता. ती येताना दिसली तशी त्याने टोपी काढली. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते.

"पाटी कुणी काढली?" तिने विचारलं.

"तुला कळलं असेल."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कोचनी. जूनमध्ये, तुमच्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं, माझी पोरं धावतात छान, पण थांबायचं कसं ते त्यांना येत नाही. तर म्हणाले, तुझ्याकडे त्याचं चित्रच नाही. पुढच्या महिन्यात फाइल दिली. मी नको म्हटलं होतं."

"आणि नोकरी? ती पण त्यांनीच दिली?"

"डिसेंबरमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं. छातीचं सांगितलं. म्हणाले, बाहेरचा येण्याआधी तू बस."

"हे मला का सांगितलं नाही कुणी?"

वेडने टोपी हातात फिरवली. "तुझं पत्र आलं त्या आठवड्यात मी म्हटलं त्यांना, कोच, रोझॅनला सांगा, गाव मला दुकानात दूध घेऊ देत नाही. ते म्हणाले, ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी भांडली आहे. तिला चुकलीस असं मी कसं सांगू?"

त्याच्या बोलण्यात खोट शोधायची रोझॅनला दोन वर्षांची सवय होती, आणि ती सवय अजून काम करत होती. चित्र उसनं घेता येतं. वाक्य रचता येतं.

"धूर पुढे का जातो?" तिने विचारलं.

"मीही तेच विचारलं. मोठं करून घेताना छापणाऱ्यानं सुद्धा विचारलं, चुकलंय का म्हणून." वेड म्हणाला. "कोच म्हणाले, ते रोझॅनला विचार. मग हसत बसले. विचारायला मी दोनदा फोन केला."

मैदानावर आता पोरांच्या आया उतरल्या होत्या. पाटी धरणाऱ्याने ट्रॅक्टर पेटीला टेकवून ठेवला होता. जवळून पाहिल्यावर कळत होतं की मागच्या चाकापाशी हात थरथरलेला आहे.

"माझा रकाना राहिला," ती म्हणाली. "शेवटचे दहा. मी बघतच राहिले."

"माझ्याकडे आहेत. मी मनात मोजत होतो. एक. एक. एक. एक. एक. तीन. मग परत एक, शेवटपर्यंत."

"तीन?"

"सहाव्या वेळी. मधल्या पोराला दम निघाला नाही. बोललोय मी त्याला."

तिने पर्समधून पेन्सिल काढली. कागद वाऱ्याने उडत होता, खाली धरायला काहीतरी कडक हवं होतं. पाकीट जाड होतं. तिने तेच कागदाखाली घेतलं आणि पेटीवर टेकवलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश."

त्याने सांगितलं आणि तिने त्याच्या शब्दावर लिहिलं. सहाव्या चौकटीपाशी ती थांबली. हा तीन पाहून वडिलांनी चष्मा काढून ठेवला असता, आणि सूप बाजूला सरकवलं असतं.

तिने तीन लिहिलं.