लक्ष्मीशेजारचा डॉलर

मित्रांनो, मी कॅनडाचा एक म्हातारा चांदीचा डॉलर आहे. १९४८ साली ओटावाच्या टाकसाळीत माझा जन्म झाला. एका अंगावर राजा, दुसऱ्या अंगावर होडी वल्हवणारे दोघे. त्या साली आम्ही भावंडं फार थोडी जन्मलो, म्हणून आम्हाला भाव. पण काम म्हणाल तर शून्य! सत्तर वर्षं मी खणात काळा पडत गेलो. कुणी उचललंच, तर दोन बोटांनी, कडेला धरून.

फुटबॉलच्या विश्वचषकासाठी कतारमध्ये, दोह्यात मैदानं उभी राहत होती, तेव्हा माझा मालक, एक वयस्क इंजिनियर, मला घेऊन इथे आला. मालवणची पुष्पावती त्याचा स्वयंपाक करी. काम संपवून मायदेशी निघताना त्याने मला तिच्या ओंजळीत ठेवलं.

दोह्यातल्याच अल सद्द भागात राहणाऱ्या मृणालिनीवहिनींकडेही ती पोळ्या करायची. मला त्यांच्या हाती देत ती म्हणाली, "वैनीनू, माका गावात पिठाची गिरण घालूची आसा. ह्येचा मोल तेवढा इचारून देवा."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. देवापुढे मळकं नाणं कसं ठेवायचं? वहिनींनी मला चिंच आणि रांगोळी लावून खसाखसा घासलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला पुरतं तळहातावर घेतलं होतं. हळदकुंकू लागलं, लाह्याबत्तासे मिळाले. मी हरखून गेलो.

मग आम्ही दोह्यातच, मूळच्या विट्याच्या महिपतींच्या सराफी दुकानात गेलो. चांदी पारखण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. भिंग लावताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, घासलंत कशाला? ह्यो काळेपणाच याची साय हुती. तशीच आणली असती तर साडेतीन हजार रियाल. आता पंधराशे. खलास!"

वहिनींचा चेहरा पडला. पंधराशेत गिरण कसली येते! गप्प राहिल्या असत्या तर पुष्पावतीला काय कळणार होतं? पण त्यांनी सगळं सांगितलं आणि साडेतीन हजार पुढे ठेवले.

"पुष्पा, भाव माझ्या हाताने उतरला, तो मीच भरणार. डॉलर माझ्याकडे राहू दे."

पुष्पावतीने डोळे पुसले. "माजो डॉलर तुमच्या लक्षुमीवांगडा बसलो, वैनी. माजी वस्तू अशी कोणी कधी पुजली?" पैसे मात्र तिने बऱ्याच आग्रहानंतर घेतले.

मित्रांनो, जुन्या नाण्यांना घासू नका. आमचा काळेपणा हेच आमचं वय असतं. पण मला घासणाऱ्या त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या दिवाळीला मालवणहून पुडा आला. पुष्पावतीच्या गिरणीचं पहिलं तांदळाचं पीठ! पुडा देवापुढे ठेवताना थोडं माझ्यावर सांडलं. वहिनींनी पुसायला पदर उचलला, आणि हसून तसाच खाली सोडला.