बासची मान

आमची लेक दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवते आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. जाड तारांचं ते धूड गळ्यात अडकवलं की ती स्वतः त्यामागे अर्धी दिसेनाशी होते. हिला, म्हणजे तिच्या आईला, ते कधी पटलं नाही. "गाणं दुसऱ्या म्हणतात, टाळ्या दुसऱ्यांना. तू आपली मागे उभी राहून धम्म धम्म!"

"मी थांबले की कळेल तुला," लेक हसून म्हणायची.

वाचनालयाच्या हॉलमधला कार्यक्रम तोंडावर आला आणि सरावात स्टँड घसरला. गिटार पालथी पडली. तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथून मानेपर्यंत लाकडाला लांब भेग गेली. जरा दाबलं की ती आ वासायची.

वाद्यांच्या दुकानदाराने उलटसुलट करून पाहिलं. "मान गेली हो. नवीच बसवा."

लेकीने गिटार तशीच घरी आणली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, स्वयंपाकघरातलं टेबल मला लागणार."

"आणि जेवायचं कुठे?" हिने आतून विचारलं.

"मांडीवर ताट घेऊन."

टेबलावर जुनी चादर पडली. मान गिटारपासून सुटी झाली. कवळ्या कोरायच्या पातळ पात्याने तिने भेगेत पार आतवर गोंद सरकवला, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या लावल्या आणि शिकंजे आवळले. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने टिपला. मी मधूनच बोट लावायला गेलो, तर ओरडली, "बाबा! हात मागे!" माझ्याच घरात मी हात मागे बांधून फिरत होतो.

गोंद वाळला तशी तिने मानेवरचं जुनं वॉर्निश घासून उतरवलं. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. भुगा डब्यांवर, खिडकीत, हिच्या चष्म्यावर. हिने फडकं मारलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण टेबल परत मागितलं नाही.

मग नव्या वॉर्निशचे हात. मान न्हाणीघरात दोरीला टांगलेली. तिथे धूळ नाही म्हणे. आंघोळी शेजारच्या काकूंकडे! सगळं छान चाललं होतं आणि शेवटच्या हाताला मागच्या बाजूला एक ओघळ आला. लेकीने तो पाहिला आणि पॉलिश पेपर उचलला.

"अगं, कोण बघणार आहे मागची बाजू?" ही कळवळून म्हणाली.

"माझा अंगठा बघतो, आई. अख्खं गाणं तो तिथूनच फिरतो."

थोड्या वेळाने पाहतो तर ही खुर्ची ओढून बसलेली, मान दोन्ही हातांनी घट्ट धरून. आणि लेक घासतेय.

मान गिटारला परत बसवून तारा चढवल्या त्या दिवशी आम्ही जेवण सोडून टेबलाभोवती उभे राहिलो. तारांचा ताण असा असतो की कच्चा जोड क्षणात उघडेल. लेक एकेक खुंटी पिळत होती. मध्येच 'कट्' असा आवाज झाला. मी दोन पावलं मागे सरलो. "तार खाचेत बसली," ती शांतपणे म्हणाली. मग एक डोळा मिटून तिने मानेवरून नजर टाकली, बाक काढायला आतली लोखंडी सळई किल्लीने किंचित फिरवली, पुन्हा पाहिलं. मान सरळ होती. जोडाच्या जागी केसाएवढी रेघ राहिली होती, बाकी मधासारखा रंग.

हॉल भरला होता. दुसऱ्या गाण्यात लेक मुद्दाम थांबली की ते तसंच बांधलं होतं, देव जाणे. पण सगळं गाणं एकदम पोकळ झालं, पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं. मग तिचा पहिला ठोका आला आणि तो आमच्या खुर्च्यांतून चढत गेला. हिने माझा हात घट्ट धरला. "आपली आहे ती," म्हणाली, जणू मला ठाऊकच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "छान वाजवते हो तुमची मुलगी."

"वाजवते काय," ही म्हणाली, "ही गिटार मोडली होती! मान दुभंगली होती, दुकानवाल्याने हात टेकले होते. घरी बसून जोडली तिने. मागून बघा कशी झालीय, मागून!"

लेक लाजून लाल झाली होती. मी गिटारची पिशवी उचलायला वाकलो, तर हिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या," म्हणाली. "तुम्ही कुठेतरी आपटाल." आणि पिशवी खांद्याला लावून, गर्दीतून वाट काढत, ती आमच्या पुढे चालू लागली.